चोथ्याचा पापड

अगं, काल तुझ्या गच्चीवर गुलाबाच्या कुंडीत कॉफीचा चोथा बोटभर जाड थापलेला पाहिला. वर पांढरी बुरशी आलेली, आणि पाणी घातलं की ते आत न मुरता कडेकडेने निघून जातंय. बुरशीला घाबरू नकोस, ती कुजवायचंच काम करते. वाईट आहे तो थर. फिल्टर कॉफीची पूड बारीक, ओली असताना चिखल आणि वाळली की पापड. आज खुरप्याने तो पापड फोड, निम्मा काढून घे, उरलेला मातीत मिसळून टाक.

गुलाबाला आंबट माती आवडते म्हणून कॉफी घाल, असं तुला कुणीतरी सांगितलं असणार. बाई गं, आंबटपणा बराचसा पेल्यात उतरतो! उरलेल्या चोथ्याचा सामू कमी-जास्त असतो, पण बहुतेक वेळा तो फारसा आंबट नसतो. नत्र असतं, साधारण 2 टक्के, पण चोथा कुजल्याशिवाय ते मुळांच्या हाती लागत नाही. म्हणून माझा चोथा आधी खताच्या बादलीत जातो. एक वाटी चोथ्याला चार वाट्या वाळका पाला नि ओला कचरा, वर मूठभर जुनं खत. चोथा पाचव्या हिश्श्याच्या वर जाऊ द्यायचा नाही. अधूनमधून हलवत राहायचं. बादलीला मातीचा वास आला की खत तयार. कॉफीचा येत असेल तर थांब.

मीही एकदा शहाणपणा केला होता. मेथी पेरली आणि वर चोथा भुरभुरला. निम्मी उगवलीच नाही. चोथ्यात थोडं कॅफीन उरतं, ते बियांना आणि कोवळ्या रोपांना सोसत नाही.

तसं आपल्या घरात कॉफी पाहुणी, रोजचा तो चहाच. पण आपला चहा दूध-साखर घालून उकळलेला. तो चोथा गाळणीतच दोन-तीनदा धुवायचा, उन्हात वाळवायचा, मगच बादलीत. आलं, गवती चहाचे तुकडे राहिले तरी चालतात. न धुता टाकलास तर मुंग्यांची रांग आणि चिलटं ठरलेली. चहाच्या पिशव्या मात्र फाडून आतली पूडच घे, काहींच्या कागदात प्लास्टिक असतं.

आणि बादलीला झाकण लाव. तुझा मोती हुंगत फिरतो, कॅफीन कुत्र्यांना विषारी असतं.