जुलाबावरचे दुहेरी पत्रक आपणच तयार करू या



पावसाळ्यात पिण्याचे पाणी दूषित झाले की लहान मुलांना जुलाब लागतात. याच दिवसांत वर्षावासानिमित्त विहारात माणसे जमतात. घरोघरी माहितीचा कागद पोहोचवायला ही चांगली वेळ आहे. संगणक नुकताच शिकलेल्या मुला-मुलींनाही असे पत्रक करता येते. कसे, ते पाहू.

आधी मजकूर, मग संगणक

१९७१ साली बनगावच्या निर्वासित छावणीत कॉलरा पसरला आणि सलाईन अपुरे पडू लागले. तेव्हा डॉ. दिलीप महालनबीस यांनी मीठ, ग्लुकोज आणि सोडा मिसळलेले पाणी रुग्णांच्या नातेवाइकांच्याच हातून पाजायला लावले. मृत्यू खूप घटले. ओआरएस हे असे घरच्या हातांनी द्यायचे औषध आहे, म्हणून पत्रकातले माप चुकता कामा नये. पाणी कमी पडले तर मीठ जास्त होऊन बाळाला अपाय होतो. पाणी जास्त झाले तर गुण येत नाही.

पहिली बाजू – घरी काय करावे: मोठे पाकीट १ लिटर, छोटे पाकीट २०० मिली उकळून गार केलेल्या पाण्यात, पाकिटावरचे माप आधी वाचा. द्रावण २४ तासांत संपवा, उरलेले टाकून द्या. प्रत्येक जुलाबानंतर २ वर्षांखालील बाळाला ५० ते १०० मिली, त्याहून मोठ्या मुलाला १०० ते २०० मिली थोडे थोडे पाजा. अंगावरचे दूध आणि जेवण चालू ठेवा. झिंकची गोळी दवाखान्यात सांगतील त्या प्रमाणात १४ दिवस द्या.

दुसरी बाजू – दवाखान्यात केव्हा न्यावे: डोळे खोल गेले, मूल मलूल झाले, पाणी पिईना, सगळे उलटून पडते, शौचात रक्त दिसते. रुग्णवाहिकेसाठी १०८. खाली जवळच्या मनपा दवाखान्याचा पत्ता आणि वेळ.

पत्रक भिंतीला चिकटवले की एकच बाजू दिसते. म्हणून एका बाजूचे वाक्य दुसरीवर नेऊ नका आणि १०८ दोन्हीकडे टाका.

संगणकावर

स्क्रायबस हे सॉफ्टवेअर मोफत मिळते. आवृत्ती १.६ किंवा त्यापुढची घ्या. फार जुन्या आवृत्तीत जोडाक्षरे तुटतात. नवीन फाइलमध्ये ए-५ आकार (१४८ × २१० मिमी), उभे पान, पाने २ निवडा. चारही बाजूंना १० मिमी समास सोडा. रंग कडेपर्यंत न्यायचा असेल तर ३ मिमी ब्लीड ठेवा, नाहीतर कापताना पांढरी कड दिसते.

फॉन्ट युनिकोड घ्या, उदा. मुक्ता. जुन्या श्री-लिपी फॉन्टमधला मजकूर तसाच चिकटवला तर इंग्रजी अक्षरांचा गोंधळ दिसतो. मजकूर किमान १४ पॉइंट, मथळा त्याच्या दुप्पट. जागा पुरत नसेल तर अक्षर लहान करू नका, वाक्ये कमी करा. पीडीएफ काढताना फॉन्ट एम्बेड करा.

छपाईआधी

घरच्या प्रिंटरवर एक प्रत बॅक टू बॅक काढा. उभ्या पत्रकाला ‘लाँग एज’ निवडा, आडव्याला ‘शॉर्ट एज’. नाहीतर मागची बाजू उलटी येते. कागद उजेडात धरून मागचा मजकूर पुढे दिसतो का, बघा. दिसत असेल तर छापखान्यात जाड कागद मागा.

मग ती प्रत वस्तीतल्या एखाद्या आजीला किंवा ताईला द्या. ‘समजले का?’ असे विचारू नका. संकोचाने सगळेच हो म्हणतात. ‘पाणी किती घ्याल ते दाखवा,’ असे म्हणा. तांब्या घराघरांत वेगळा असतो. त्यांनी तांब्या उचलला तर पत्रकात १ लिटरच्या बाटलीचे चित्र टाका.

शेवटी मजकूर नर्स किंवा डॉक्टरांकडून तपासून घ्या. एकाने आकडे मोठ्याने वाचावेत, दुसऱ्याने पाकिटावरच्या आकड्यांशी ताडून पाहावेत. पत्त्यावर आधी स्वतः जाऊन यावे, १०८ चा आकडा नीट बघावा. त्यानंतरच छापखान्याला होकार द्या. वाटलेली पत्रके परत गोळा करता येत नाहीत आणि चुकलेल्या मापाचा त्रास बाळाला होतो.

येत्या पौर्णिमेला विहारात जमाल तेव्हा पहिली नमुना प्रत सोबत आणा. सगळे मिळून वाचू.