अर्धा टँकर का नको? पाण्याच्या टँकरच्या धंद्याचा खरा हिशोब

व्हिडिओत आकडे पटापट बोलून जातो, मग कागदावर उतरवताना गोंधळ होतो. म्हणून टँकरच्या धंद्याचा सगळा हिशोब इथे लिहून देतोय. वही-पेन घेऊन बसा आणि माझ्या आकड्यांच्या जागी तुमचे आकडे घाला. डिझेलचा भाव, फेरीचं भाडं, हप्ता हे सगळं मी हिशोबापुरतं धरलेलं आहे. पद्धत मात्र हीच ठेवा.

आपल्या रत्नागिरी जिल्ह्यात पाऊस धो-धो पडतो, पण जांभ्या दगडातून तो झिरपून जातो. एप्रिल उजाडला की खेड, चिपळूण, संगमेश्वर, लांजा, सगळीकडच्या डोंगरातल्या वाड्यांवर टँकर सुरू होतात. मे महिन्यात टँकरमागे धावणारी माणसं बघून कोणालाही वाटतं, एक सेकंडहँड गाडी घ्यावी आणि सुटावं. दिवसाला चार फेऱ्या, फेरीला तीन हजार, म्हणजे रोजचे बारा हजार! इथेच थांबा. ते बारा हजार तुमचे नाहीत.

समजा, सहा चाकी गाडी आहे, टाकी १२,००० लिटरची. विहीर ते वाडी २२ किलोमीटर, म्हणजे जाऊन-येऊन ४४. परत येताना गाडी रिकामीच येते, हे टँकरच्या धंद्यात गृहीतच धरा. ट्रकवाल्याला परतीचं भाडं मिळू शकतं, टाकीत कोणी चिरे भरत नाही. चढउतार आणि वाडीचा कच्चा रस्ता धरून लिटरला ४ किलोमीटर पकडू. ११ लिटर डिझेल, ९२ रुपयांनी १,०१२ रुपये. ड्रायव्हर ३५०, क्लीनर १५०, विहिरीवर पाण्याचे आणि मोटरचे २००. एकूण १,७१२. तीन हजारातून हातात राहिले १,२८८.

आता झीज. ही ओळ निम्मे लोक वहीत लिहीतच नाहीत, कारण तो खर्च रोज दिसत नाही. टायरचा सहाचा सेट १,२०,००० रुपयांना आणि या रस्त्यांवर तो ४०,००० किलोमीटर चालला असं धरलं, तर किलोमीटरला ३ रुपये झाले. क्लच प्लेट, ब्रेकचे लायनर आणि ड्रम, कमानपाटे आणि यू-बोल्ट, टाकीचं वेल्डिंग आणि आतला रंग, या सगळ्याला मिळून आणखी ४ रुपये धरा. किलोमीटरला ७ रुपये, म्हणजे फेरीला ३०८. हे पैसे रोज संध्याकाळी वेगळ्या खात्यात टाकायचे. ते वजा करून फेरीला उरले ९८०.

सीझन किती दिवसांचा? एप्रिल ते मृगाचा पाऊस, ७५ दिवस पकडू. रोज चार फेऱ्या एकही दिवस न चुकता झाल्या तर ३०० फेऱ्या, २,९४,००० रुपये. हप्ता महिना २८,००० असेल तर वर्षाचा ३,३६,०००. विमा, फिटनेस, कर वगैरे ६०,०००. झाले ३,९६,०००. म्हणजे भर उन्हाळ्यात जीव तोडून गाडी चालवली तरी १,०२,००० रुपये कमीच पडतात. ते भरून काढायला उरलेल्या नऊ-साडेनऊ महिन्यांत अजून १०४ फेऱ्या पाहिजेत आणि तुमचा स्वतःचा पगार त्यानंतर सुरू होतो.

म्हणून गाडी घेण्याआधी उन्हाळ्याबाहेरची गिऱ्हाईकं शोधा. सड्यावरच्या हापूसच्या बागांना फवारणीला पाणी लागतं आणि तो काळ नेमका थंडीचा. बांधकामं आहेत, मिरकरवाड्यासारखी बंदरं आहेत, गणपतीपुळ्याच्या बाजूची हॉटेलं आहेत. यातली दोन कामं पक्की नसतील तर हप्त्यावर गाडी घेऊ नका, असं माझं स्पष्ट मत आहे. सरकारी टंचाईचं काम चांगलं असतं, पण तिथे फेऱ्यांची नोंद आणि जीपीएस जुळलं तर बिल पुढे सरकतं आणि पैसे यायला वेळ लागतो. तोवर डिझेल तुमच्याच खिशातून.

आता शीर्षकातल्या प्रश्नाकडे येतो. एखादं गिऱ्हाईक म्हणतं, "भाऊ, आमची टाकी छोटी आहे, अर्धाच टँकर टाका, दीड हजार घ्या." नवीन माणूस लगेच हो म्हणतो. गाडी नुसती उभी राहण्यापेक्षा दीड हजार बरे, नाही का? हिशोब करा. डिझेल निम्मं होत नाही, कारण गाडीचं स्वतःचं वजन तेवढंच आणि परतीची रिकामी फेरी तेवढीच. ९ लिटर धरा, ८२८ रुपये. ड्रायव्हर-क्लीनरचे ५०० तसेच. पाण्याचे १००. झाले १,४२८. उरले ७२ रुपये! त्यातून झिजेचे ३०८ काढले की २३६ रुपये घरातून गेले. गिऱ्हाईक मात्र खूश.

बरं, त्या फेरीत झीज ३०८चीच होते असंही नाही. हंडा डोक्यावर घेऊन चालणाऱ्या बाईला विचारा. काठोकाठ भरलेला हंडा गप्प बसतो, अर्धा हंडा डचमळतो. टाकीतही तेच. भरलेल्या टाकीत पाण्याला हलायला जागा नसते, ते गाडीचाच भाग होऊन जातं. अर्ध्या टाकीत ६,००० लिटर म्हणजे सहा टन पाणी मोकळं असतं, चार-पाच मोटारींच्या वजनाइतकं. तुम्ही ब्रेक दाबला की गाडी थांबते, पाणी थांबत नाही. ते पुढे येऊन टाकीच्या भिंतीवर आदळतं आणि थांबत आलेल्या गाडीला पुन्हा ढकलतं. ड्रायव्हर परत ब्रेक दाबतो, पाणी मागे जातं, परत येतं. या धक्क्यांचा मार लायनरला बसतो, टाकी चेसिसवर धरणाऱ्या बोल्टला बसतो, वेल्डिंगच्या सांध्यांना बसतो. वळणावर तर पाणी बाहेरच्या बाजूला चढतं आणि गाडीचा तोल त्याच बाजूला जातो.

यासाठी टाकीत आडव्या जाळ्या असतात, म्हणजे मोठी भोकं असलेले पत्रे. त्या पुढे-मागे येणारी लाट तोडतात. पण डावी-उजवीकडची लाट त्या फारशी अडवत नाहीत, त्यामुळे जाळी आहे म्हणून वळणावर वेग ठेवायचा नाही. पूर्ण बंद कप्प्यांची टाकी असेल तर दोन गिऱ्हाइकांचा माल सुखाने नेता येतो, कारण एक कप्पा पूर्ण भरलेला आणि दुसरा पूर्ण रिकामा ठेवता येतो. फक्त चढावर जाताना मागचा कप्पा भरलेला आणि पुढचा रिकामा असं करू नका, पुढची चाकं हलकी होऊन स्टेअरिंग सैल लागतं.

दोन वाड्यांना अर्धं-अर्धं द्यायचंच असेल, तर रस्ता असा लावा की अर्ध्या टाकीने कमीत कमी अंतर कापावं लागेल आणि त्यात घाट येणार नाही. आणि दर ठरवताना पाण्याचा लिटरमागे दर सांगू नका. फेरीचा दर सांगा, मग गिऱ्हाइकाने सहा हजार घ्यावं नाहीतर बारा.

काही जण म्हणतील, पाण्यात काय पैसा, लोटे परशुराम एमआयडीसीत केमिकलचे टँकर चालतात, तिथे जाऊ. जा, पण आधी एक गणित समजून घ्या. लिटर सगळ्यांचा सारखा, वजन नाही. डिझेल लिटरला साधारण ८३० ग्रॅम, पाणी एक किलो, कॉस्टिक लाय साधारण दीड किलो आणि तीव्र गंधकाम्ल १ किलो ८४० ग्रॅम. सहा चाकी गाडीची एकूण वजनाची मर्यादा २०१८ पासून १८.५ टन झाली, आधी ती १६.२ होती. गाडी आणि टाकीचं वजन साडेसहा टन असेल तर माल बसतो १२ टन. १२,००० लिटरच्या टाकीत पाणी बरोबर बसलं. पण गंधकाम्ल कायद्याने फक्त साडेसहा हजार लिटर भरता येईल, म्हणजे टाकी अर्ध्यावर. पुन्हा तोच डचमळणारा अर्धा टँकर, आणि या वेळी आत आम्ल, समोर परशुराम घाट. म्हणूनच जड रसायनांच्या टाक्या लहान असतात. आधी माल ठरवा, मग टाकी. धोकादायक मालासाठी ड्रायव्हरच्या लायसन्सवर वेगळी नोंद लागते, गाडीवर धोक्याची पाटी आणि मालाचं माहितीपत्रक लागतं, हे खर्चात धरा. आणि रसायन नेलेली टाकी पुन्हा पिण्याच्या पाण्याला लावायची नाही, कितीही धुतली तरी.

घाटाबद्दल एकच सांगतो. उतार लागण्याआधी गिअर खाली घ्यायचा, एक्झॉस्ट ब्रेक लावायचा. पायाचा ब्रेक सतत दाबून उतरलं की ड्रम तापतात आणि गरज असते नेमका तेव्हा ब्रेक धरत नाही. सप्टेंबर २०२२ मध्ये जयगडहून गोव्याकडे निघालेला गॅसचा टँकर लांज्याजवळ अंजणारीच्या पुलावरून काजळी नदीत कोसळला, ड्रायव्हरचा जीव गेला आणि मुंबई-गोवा महामार्ग बंद ठेवावा लागला. टँकर उलटला की तो एकट्या मालकाचा तोटा राहत नाही. फेरीमागे पैसे दिले की ड्रायव्हर पाचवी फेरी मारायला बघतो, त्यामुळे मी तर ठरावीक पगार आणि वर थोडा भत्ता असंच सुचवीन.

सेकंडहँड गाडी बघायला जाल तेव्हा टाकी रिकामी करून घ्या, वरचं झाकण उघडून बॅटरीच्या उजेडात आत बघा. जाळ्या आहेत का, की धुवायला सोपं पडावं म्हणून कोणी कापून टाकल्यात? वेल्डिंगच्या कडेला गंजाची रेघ दिसते का? आपल्याकडच्या खाऱ्या हवेत बाहेरचा रंग नवा आणि आतला पत्रा पोखरलेला असं सर्रास असतं. हातोडीने खालच्या बाजूला ठोकून बघा, आवाज बद्द आला तर विषय सोडा. मग गाडीखाली जा, टाकीच्या बोल्टजवळ चेसिसला तडा किंवा जुनं वेल्डिंग आहे का ते बघा. शेवटी आरसी बुकवरचं वजन वाचा. तिथे १६.२ टन लिहिलेलं असेल आणि वर १२,००० लिटरची टाकी बसवलेली असेल, तर ती गाडी पहिल्या फेरीपासून सव्वादोन टन ओव्हरलोड आहे. मालक म्हणेल "सगळे असंच चालवतात." तुम्ही साडेनऊ हजार लिटरवर हिशोब मांडा, आणि लक्षात ठेवा, तेवढंच भरलं तर पाणी हलायला जागा राहते. म्हणजे टाकी बदलायचा खर्चही किमतीतून वजा करून मागा.

पुढच्या व्हिडिओत फेरीच्या दराचा लेखी करार कसा करायचा ते घेतोय. तोवर तुमच्या भागातलं अंतर आणि दर घालून वरचं गणित एकदा करून ठेवा.