भूगोल पाठ : तादामी नदीकाठची आगगाडी

उद्देश : नदी, लोहमार्ग व लोकजीवन यांचा परस्परसंबंध विद्यार्थ्यांस उमजावा.

प्रथम नकाशावर जपानचे होन्शू बेट दाखवावे. तेथे आइझु-वाकामात्सुपासून कोइदेपर्यंत १३५.२ किलोमीटर लांबीचा तादामी लोहमार्ग आहे. उन्हाळ्यातील एका दिवसाच्या प्रवासाचे वर्णन पुढीलप्रमाणे करावे.

पहाटेची गाडी हिरव्यागार भातखाचरांतून निघते. पुढे डोंगर जवळ येतात आणि गाडी तादामी नदी पुन्हा पुन्हा ओलांडते. धरणांमुळे संथ झालेल्या पाण्यात पूल व वनराई यांचे प्रतिबिंब उमटते. थंड पाण्यावर उबदार, दमट हवा येताच धुके दाटते. येथे गार पाण्याच्या पेल्याबाहेर जमणारे थेंब मुलांस दाखवून कारण विचारावे.

आता मुख्य मुद्दा. जुलै २०११ च्या अतिवृष्टीत या मार्गावरील पूल वाहून गेले. प्रवासी थोडे, खर्च मोठा. तेव्हा त्या भागात रेल्वेऐवजी बस चालवावी, असा विचार पुढे आला. परंतु फुकुशिमा प्रांताने तेथील रूळ आपल्या मालकीचे करून घेतले व देखभालीचा भार गावांसह उचलला. अकरा वर्षांनी, १ ऑक्टोबर २०२२ रोजी, तेथे गाडी पुन्हा धावली.

स्वाध्याय : थोड्यांच्याच उपयोगाची सोय सर्वांच्या पैशाने राखावी काय? मुलांस दोन्ही बाजू मांडू द्याव्यात. शिक्षकांनी आपले मत आधी सांगू नये.