खाडीपलीकडील फिरंगी नगर

खारी गांवचा विद्यार्थी भाईंदर स्थानकावरून उत्तरेकडील गाडींत बसला, म्हणजे थोड्याच वेळांत गाडी खाडीच्या पुलावर येते. मध्यें पाणजू बेट लागतें आणि मग पलीकडचा तीर येतो. हीच खाडी पश्चिमेस जेथें समुद्रास मिळते तेथें, वसईच्या बाजूस, एका पडक्या नगराचे तट व देवळांचे मनोरे झाडींतून डोकावत उभे आहेत. एके काळीं तें सीमेवरील एक लहानसें नगर होतें व त्याच्या तटाच्या आंत बहुतेक पोर्तुगीज व ख्रिस्ती लोक राहत असत. राज्यें बदलतात, सीमा हलतात, तेव्हां तेथील माणसांचें काय होतें, हें शिकण्यास त्या नगराहून चांगला धडा आपणांस दूर शोधावा लागणार नाहीं.

नगराची स्थापना

गुजरातचा सुलतान बहादूरशहा हा हुमायून बादशहाच्या भीतीनें घेरला गेला असतां त्यानें इ. स. १५३४ च्या डिसेंबरांत पोर्तुगीज गव्हर्नर नुनो दा कुन्हा याजबरोबर तह केला व वसई, साष्टी, मुंबई आणि आसपासचीं बेटें पोर्तुगालच्या राजास देऊन टाकिलीं. म्हणजे आपलें भाईंदर आणि खारी हींहि त्याच दिवशीं एका परक्या राजाच्या छत्राखालीं गेलीं. येथील कोणा कोळ्यास वा आगऱ्यास त्याविषयीं कोणी विचारिलें नसेल!

पुढें वसई ही पोर्तुगिजांच्या उत्तर प्रांताची राजधानी झाली. समुद्राकडे एक व जमिनीकडे एक असे दोन दरवाजे, आंत सरदारांचे वाडे, आणि फ्रान्सिस्कन, जेझुइट, डोमिनिकन व ऑगस्टीनियन संघांचीं मंदिरें व मठ, असा त्या नगराचा थाट होता. आसपासचीं गांवें सरदारांस ‘फोरो’ नांवाच्या खंडावर लावून देत. मुंबईच्या जमीनमहसुलांतील ‘फोरास’ हा शब्द त्यांतूनच आला. आगाशीस जहाजें बांधीत. भाताचीं खाचरें आणि उसाचे मळे हें त्या प्रांताचें धन होतें.

रोमन लोक स्पेन व पोर्तुगाल मिळून जें द्वीपकल्प होतें त्यास ‘हिस्पानिया’ म्हणत. १५८० पासून १६४० पर्यंत या दोन्ही देशांचा राजा एकच होता. त्या साठ वर्षांत मॅनिलापासून मेक्सिकोपर्यंत ज्याची सत्ता चाले, तोच वसईचाहि धनी होता. याच काळांत वसईस जन्मलेले गोन्सालो गार्सिया हे फ्रान्सिस्कन बंधु होऊन जपानास गेले व ५ फेब्रुवारी १५९७ रोजीं नागासाकी येथें वधस्तंभावर मरण पावले. १८६२ सालीं पोपमहाराजांनीं त्यांस संतपद दिलें. हिंदुस्थानांत जन्मून या पदास पोंचलेले ते पहिलेच पुरुष होत. पिता पोर्तुगीज, माता वसईची. सीमेवरील नगराचें हें खरें अपत्य होय.

परंतु सत्य सांगावयाचें तर सर्वच सांगितलें पाहिजे. त्या राज्यांत हिंदु प्रजेवर तिच्या धर्मासाठीं जाचक निर्बंध घातले गेले. बोरिवलीजवळील मंडपेश्वराच्या लेण्यांत शिवालयाच्या जागीं ख्रिस्तमंदिर करण्यांत आलें. ज्या प्रभूनें शेजाऱ्यावर प्रीति करण्यास शिकविलें, त्याच्या नांवानें शेजाऱ्यास दुखविणें हा दोष आपण झांकून ठेवूं नये.

सीमा कशी हलली

१६६१ च्या तहान्वयें मुंबई इंग्लंडच्या राजास आंदण मिळाली व १६६५ सालीं तिचा ताबा दिला गेला. तेव्हां माहीमची खाडी ही दोन युरोपीय राज्यांमधील सीमा झाली. पुढें १७३७ सालीं मराठ्यांनीं ठाणें व साष्टी घेतली. आपल्या चौक गांवाजवळील धारावीचा किल्ला खाडीच्या मुखावर वसईच्या समोरच आहे. तो हातीं असल्यावांचून वसईची समुद्रवाट पुरती बंद होणें कठीण होतें. तोहि मराठ्यांनीं जिंकिला. मग चिमाजी अप्पांनीं वसईच्या तटाखालीं सुरुंग लाविले आणि दोन्ही पक्षांचें पुष्कळ रक्त सांडल्यावर मे १७३९ मध्यें नगर शरण आलें. विजेत्यांनीं कत्तल केली नाहीं. पोर्तुगिजांस आपल्या मालमत्तेसह निघून जाण्यास आठ दिवसांची मुदत दिली व मागें राहणाऱ्या ख्रिस्ती लोकांस आपला धर्म पाळण्याची मोकळीक दिली. मंदिरांतील घंटा मात्र घांटावर गेल्या. मेणवलीस वाईजवळ एक, नाशिकास नारोशंकराच्या देवळांत एक, अशा त्या आजहि टांगलेल्या आहेत.

इतक्यानेंहि सीमा स्थिर झाली नाहीं. १७७४ सालीं इंग्रजांनीं साष्टी घेतली आणि १७८२ च्या सालबाईच्या तहानें वसई पेशव्यांकडे, साष्टी इंग्रजांकडे, अशी वांटणी ठरली. मग आपली ही खाडीच दोन राज्यांची सीमा झाली! खारीचा माणूस एका राज्यांत, आणि होडीनें गेल्यास थोड्याच अंतरावर असलेला त्याचा सोयरा दुसऱ्या राज्यांत. १८१७-१८ मध्यें पेशवाई बुडाली, तेव्हां ती सीमाहि पाण्यांत विरून गेली.

मागें राहिलेली माणसें

सरदार गेले, नांगरणारे, जाळें टाकणारे, मीठ पिकविणारे राहिले. त्यांची आडनांवें पोर्तुगीज, पण घरांत बोली मराठी. कुपारी समाजाची कादोडी, वाडवळांची वाडवळी, या बोली अजून चालूच आहेत. पुष्कळ काळ त्यांस सरसकट ‘पोर्तुगीज ख्रिस्ती’ म्हणत, मग त्यांच्यांत त्या देशाचें रक्त असो वा नसो. १८८७ सालीं मुंबई व साष्टीकडील या लोकांनीं आपणांस ‘ईस्ट इंडियन’ हें नांव घेतलें. तेंहि इंग्रजी अंमलाच्याच भाषेंतलें. भूमि मात्र तीच होती.

अमेरिकेंतहि असेंच घडलें आहे. ॲरिझोना प्रांतांत नोगालेस नांवाचें सुमारें वीस हजार वस्तीचें शहर आहे. तेथील बहुतेक लोक स्पॅनिश भाषेच्या परंपरेचे. सीमेच्या पलीकडे मेक्सिकोंत त्याच नांवाचें दुसरें शहर आहे. १८५३ च्या करारानें अमेरिकेनें तो मुलूख विकत घेतला व सीमा दक्षिणेस सरकली. तेथील जुन्या घराण्यांनीं सीमा ओलांडिली नव्हती. सीमेनेंच त्यांस ओलांडिलें होतें. १९८० च्या अमेरिकन खानेसुमारींत घरोघर ‘हिस्पानिक’ असण्याविषयीं विचारणा झाली. एकाच शब्दांत कितीएक देशींचीं माणसें गोळा झालीं, जशीं आपल्याकडे ‘फिरंगी’ या एका शब्दांत होत असत.

आतां आपल्या तोंडांतील शब्द पाहा. चावी, पाव, बटाटा, पगार, तुरुंग, लिलाव, घमेलें, बिजागरी, हापूस, पाद्री हे सर्व पोर्तुगिजांकडून आले. मुंबईचा कोणता गृहस्थ हापूस परका म्हणून टाकून देतो? मग ज्या शेजाऱ्याच्या नांवांत तीच छटा आहे त्यास परका म्हणण्यास जीभ तरी कशी वळावी? वसईचे फादर फ्रान्सिस दिब्रिटो हे जानेवारी २०२० मध्यें उस्मानाबादेस ९३ व्या अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलनाचे अध्यक्ष झाले. ज्या नगरांत एके काळीं राज्याची भाषा पोर्तुगीज होती, तेथील एका धर्मगुरूस मराठी भाषेनें आपल्या सर्वांत मोठ्या आसनावर बसविलें. परकेपणाच्या प्रश्नास याहून स्पष्ट उत्तर काय हवें?

असो. पुढच्या खेपेस पूल ओलांडतांना क्षणभर पश्चिमेस दृष्टि टाका. त्या पाण्यानें चार राज्यें पाहिलीं. प्रत्येकानें त्यावर आपली रेघ ओढिली, आणि भरतीनें ती पुसून टाकिली. माणसाची ओळख त्या रेघेवरून ठरवूं नये. तो कोणत्या भूमीवर राबला आणि शेजाऱ्याशीं कसा वागला, यावरून ठरवावी.