शब्दविचार : आवार, परिसर, पर्यावरण आणि संदर्भ

भोपाळच्या अरेरा कॉलनीत ‘पर्यावरण परिसर’ या नावाचे एक शासकीय संकुल आहे. मध्य प्रदेश प्रदूषण नियंत्रण मंडळाचे कार्यालय तेथेच आहे. मराठी वाचकास हे नाव प्रथमदर्शनी द्विरुक्त वाटते. कारण त्याच्या लेखी दोन्ही शब्द भोवतालचेच वाचक होत. हिंदी भाषकास मात्र त्यात काही खटकत नाही. हिंदीत ‘परिसर’ म्हणजे आवार.

परिसर व आवार : संस्कृतात ‘परिसर’ म्हणजे सान्निध्य, लगतचा प्रदेश. मराठीने हाच अर्थ जतन केला. ‘शाळेच्या परिसरातील दुकाने’ म्हटले की ती शाळेच्या कुंपणाबाहेर आहेत, हे सांगावे लागत नाही. महाराष्ट्रातील प्राथमिक शाळांत शिकविला जाणारा ‘परिसर अभ्यास’ हा विषयही गाव, ओढा, शेत यांविषयीचाच असतो. उलट, हिंदीतील ‘विद्यालय परिसर’ फाटकापाशी संपतो. त्यास मराठीत ‘शाळेचे आवार’ म्हणावे. हिंदीच्या सहवासाने ‘विद्यापीठ परिसर’ असे प्रयोग मराठीतही रुळू लागले आहेत. म्हणूनच अधिक सावधगिरी हवी.

हा भेद केवळ कोशातला नाही. २ व ३ डिसेंबर १९८४ च्या दरम्यानच्या रात्री भोपाळच्या युनियन कार्बाइड कारखान्यातून मिथिल आयसोसायनेट हा विषारी वायू सुटला. हजारो माणसे दगावली. मृत्यूने प्रथम गाठले ते कुंपणाबाहेरील जयप्रकाश नगरासारख्या वस्त्यांना. पुढे जानेवारी २०२५ मध्ये कारखान्यातील सुमारे ३३७ टन विषारी कचरा पीथमपूर येथे नेण्यात आला. हिंदी वृत्तातील ‘कारखाना परिसर का कचरा’ म्हणजे ‘कारखान्याच्या आवारातील कचरा’ होय. अनुवादकाने ‘कारखान्याचा परिसर कचरामुक्त झाला’ असे लिहिले, तर भोवतालच्या वस्त्यांची जमीन व भूजलही शुद्ध झाले, असा समज होईल. त्या वस्त्यांना शुद्ध पेयजल पुरविण्याचा आदेश सर्वोच्च न्यायालयास २००४ मध्ये द्यावा लागला होता. आवारातील कचरा हलविल्याने परिसरातील भूजलाचा प्रश्न सुटत नाही. एका शब्दाच्या हयगयीने तो कागदावर मात्र सुटलेला दिसेल.

वातावरण व पर्यावरण : ‘वातावरण’ म्हणजे हवेचे आवरण. लक्षणेने मन:स्थिती वा समूहाची भावावस्थाही त्यातून सूचित होते : ‘शहरात भीतीचे वातावरण होते.’ ‘पर्यावरण’ अधिक व्यापक आहे. भोपाळ दुर्घटनेनंतर संमत झालेल्या पर्यावरण (संरक्षण) अधिनियम, १९८६ मध्ये पाणी, हवा व जमीन, तसेच त्यांचे परस्परांशी आणि मानव, अन्य सजीव, वनस्पती, सूक्ष्मजीव व मालमत्ता यांच्याशी असलेले संबंध या संज्ञेत समाविष्ट केले आहेत. म्हणून वायू ‘वातावरणात’ पसरला. हानी ‘पर्यावरणाची’ झाली.

संदर्भ, प्रसंग व पार्श्वभूमी : भोवताल जसा स्थळास असतो, तसाच तो विधानासही असतो, तो म्हणजे ‘संदर्भ’. कार्यालयीन पत्रात ‘विषय’ या ओळीखाली ‘संदर्भ’ लिहून पूर्वीच्या पत्राचा क्रमांक व दिनांक देतात, तो याच हेतूने. हिंदीतील ‘इस प्रसंग में’ याचे मराठी रूप ‘या संदर्भात’ असे होईल. मराठीत ‘प्रसंग’ म्हणजे घटना, वेळ किंवा ओढवलेले संकट. ‘प्रसंगावधान’ हा शब्द त्यातूनच आला. हिंदीतील ‘पृष्ठभूमि’साठी मराठीत ‘पार्श्वभूमी’ योजावी.

सराव : पुढील वाक्यांत योग्य शब्द योजावा.
(१) कारखान्याच्या … उभ्या असलेल्या टाक्या गंजल्या आहेत.
(२) कारखान्याच्या … राहणाऱ्या कुटुंबांना नळाचे पाणी मिळावे.
(३) वरील पत्राच्या … पुढीलप्रमाणे कळविण्यात येत आहे.

उत्तरे : (१) आवारात, (२) परिसरात, (३) संदर्भात.

पहिल्या दोन वाक्यांत कुंपणाची एक भिंत आहे. भिंतीच्या कोणत्या बाजूविषयी लिहावयाचे आहे, हे ठरवूनच अनुवादकाने शब्द निवडावा.