दुभाषा योग्य हवा : प्रोग्राम आणि डेटाबेस यांची जोडणी

शेलार-भिवंडी परिसरातील यंत्रमाग कारखान्यांत व गोदामांत मालाची नोंद संगणकावर ठेवण्याचे काम आपल्या कित्येक माजी विद्यार्थ्यांच्या परिचयाचे असेल. आपण ज्यात माहिती भरतो तो प्रोग्राम आणि ती जेथे साठते तो डेटाबेस, या दोन स्वतंत्र वस्तू होत. दोघांची भाषा निराळी. म्हणून मध्ये दुभाषा लागतो. त्यालाच ड्रायव्हर म्हणतात.

पूर्वी प्रत्येक डेटाबेससाठी प्रोग्राम निराळा लिहावा लागे. १९९२ साली मायक्रोसॉफ्टने ओडीबीसी ही सामाईक पद्धत आणली. तेव्हापासून डेटाबेस बदलला तरी बहुतांशी केवळ दुभाषा बदलून भागते.

समजा, शाळेच्या माजी विद्यार्थ्यांची नोंदवही मायएसक्यूएल या डेटाबेसमध्ये ठेवून ती विंडोजवरील अ‍ॅक्सेसमधून उघडायची आहे. त्यासाठी पुढील क्रम पाळावा.

१. आपले अ‍ॅक्सेस ३२ बिटचे की ६४ बिटचे, हे प्रथम पाहावे. ड्रायव्हर त्याच जातीचा हवा. विंडोज ६४ बिटचे असले तरी अ‍ॅक्सेस ३२ बिटचे असू शकते. बहुतेकांची फसगत येथेच होते.

२. ड्रायव्हर बसवल्यावर यादीत दोन नावे दिसतात : ‘अ‍ॅन्सी’ आणि ‘युनिकोड’. मराठीसाठी युनिकोडच निवडावा.

३. सर्व्हरचा पत्ता, पोर्ट क्रमांक (सामान्यतः ३३०६), वापरकर्त्याचे नाव, पासवर्ड आणि डेटाबेसचे नाव भरून ‘टेस्ट’ कळ दाबावी.

४. डेटाबेसमधील तक्त्याची अक्षरपद्धती ‘यूटीएफ-८ एमबी ४’ असल्याची खात्री करावी.

जोडणी यशस्वी झाल्याचा संदेश आला म्हणजे काम संपले, असे मात्र नव्हे. अ‍ॅन्सी ड्रायव्हरला देवनागरी अक्षरे ठाऊक नसतात. तो तक्रार न करता प्रत्येक अक्षराच्या जागी प्रश्नचिन्ह ठेवून देऊ शकतो. साठलेल्या प्रश्नचिन्हांतून मूळ नाव पुन्हा मिळवता येत नाही. मागाहून ड्रायव्हर बदलूनही उपयोग होत नाही.

म्हणून पहिली पाचशे नावे भरण्यापूर्वी ‘प्रज्ञा’ हे एकच नाव भरावे, नोंदवही बंद करून पुन्हा उघडावी आणि जोडाक्षरांसह ते जसेच्या तसे परत आले का, हे डोळ्यांनी पाहावे. या परीक्षेला दोन मिनिटे लागतात. ती टाळली, तर एखाद्या माजी विद्यार्थ्याचे नाव शाळेच्या दप्तरातून कायमचे पुसले जाऊ शकते.