जुन्या वन-टनला नवे ब्रेक

जबलपूरच्या विजय नगरात दारापुढे जुना फौजी ट्रक उभा केला, की सल्ला मागावा लागत नाही. शक्तिमान १९५९ पासून इथल्या गन कॅरेज फॅक्टरीत बनू लागला, १९६९ मध्ये व्हेईकल फॅक्टरी उभी राहिली, आणि निस्सानच्या परवान्यावरचे जोंगा आणि वन-टनही याच शहरातले. हे ट्रक जोडलेले हात आता निवृत्त होऊन सकाळी फिरायला निघतात आणि आपल्या फाटकाशी थांबतात. माझ्या वन-टनचे ब्रेक बदलताना जे शिकलो, त्यातलं बरंचसं त्यांच्याकडूनच.

१. डिस्कचा मोह आवरा. ‘पुढे डिस्क टाक’ असं प्रत्येक तरुण मेकॅनिक सुचवतो. शेजारच्या काकांनी मात्र विचारलं, ‘‘अरे, थांबायला लावतोयस की दाखवायला?’’ या ट्रकचा खरा धोका ड्रममध्ये नव्हताच. मास्टर सिलिंडर एकेरी, चारही चाकांना एकच लाइन. कुठेही पाइप फुटला की पेडल थेट जमिनीला. म्हणून पहिला खर्च टँडम मास्टर सिलिंडरवर केला. आता पुढची लाइन वेगळी, मागची वेगळी. एक गेली तरी दुसरी गाडी थांबवते. ड्रम लेथवर घासून गोल केले, लायनर नीट बसवले, तर ट्रकच्या बेताच्या वेगाला ते पुरतात. डिस्क म्हणजे नुसती तबकडी नव्हे. पाठोपाठ बूस्टर आणि पुढच्या-मागच्या दाबाचा तोल सांभाळणारा व्हॉल्व्हही आला.

२. मास्टरचा बोअर मोजा, अंदाजाने उचलू नका. तेवढ्याच पायाच्या जोराला १ इंचाऐवजी ७/८ इंच बोअर सुमारे ३१ टक्के जास्त दाब देतो, कारण पिस्टनचं क्षेत्रफळ घटतं. पण ऑइलही कमी ढकललं जातं, म्हणून पेडल जास्त खाली जातं. मोठ्या व्हील सिलिंडरांना फार लहान मास्टर जोडला, तर ब्रेक लागायच्या आधी पेडलच संपतं.

३. बूस्टर घेण्याआधी बॉनेट उघडा. पेट्रोल इंजिनाच्या मॅनिफोल्डमधून व्हॅक्यूम फुकट मिळतो. पण लिलावातून बाहेर पडलेल्या कितीतरी गाड्यांत पुढे डिझेल इंजिन बसवलेलं असतं, आणि तिथे वेगळा व्हॅक्यूम पंप लागतो. तो नसेल, तर बूस्टर निव्वळ डबा.

४. रबरात कंजुषी नको. होज, सील, कप सगळे नवेच. ब्रेक ऑइल हवेतली ओल शोषतं. डॉट ४ कोरडं असताना २३० अंशांना उकळायला हवं, ओल धरल्यावर १५५ पर्यंतही उतरू शकतं. आमच्याकडचा पावसाळा पाहिलेला माणूस अर्धवट उघडा डबा पुन्हा वापरणार नाही. आणि इंजिन ऑइलचा एक थेंबही नको, रबर फुगतं.

५. जुन्या लायनरची धूळ कंप्रेसरने उडवू नका. त्यात अ‍ॅस्बेस्टॉस असू शकतं. ओल्या फडक्याने पुसा.

६. एअर काढताना मास्टरपासून सगळ्यात लांबचं चाक आधी. उजव्या हाताच्या स्टिअरिंगला ते मागचं डावं. पेडलवर बसणारा माणूस संथ हवा. घाईने पंप मारणाऱ्यामुळे ऑइलला फेस येतो आणि काम दुप्पट होतं.

७. कॉलनीतल्या चकरा म्हणजे परीक्षा नव्हे. रिकाम्या मैदानात खात्री झाली, की थोडं वजन टाका. रिकाम्या ट्रकची मागची चाकं लवकर जाम होतात आणि आपण उगाच ब्रेकला नावं ठेवतो. मग नागपूर रस्त्यावरचा सिवनीपुढचा कुरई घाट. उतरताना खालचा गिअर, इंजिनाचा ब्रेक आधी, पाय नंतर. खाली पोचल्यावर गाडी सावलीला लावून चारही ड्रमजवळ हात न्या, टेकवू नका. एकच जास्त तापलेला असेल, तर तिथला शू घासतोय किंवा सिलिंडर अडकलाय. एकच थंड असेल, तर ते चाक काम करत नाही, आणि तसाच परतीचा चढउतार करायचा नाही.